बाबांच्या टाकाची कोरी बाजू

बेंगळूरु,
५ ऑगस्ट २०२४

ती. शुभदाआत्या,

नमस्कार. तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मेसेज तू वाचत नाहीस, म्हणून पत्र. हे पुन्हा स्वच्छ लिहून काढतो आहे. पहिल्या कागदावर 'आशीर्वाद' चुकला होता. मी कन्नड शाळेतला, मराठी लिहायला आईने शिकवलं, आणि ती प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाला थांबायची. ती सवय राहिली.

एक प्रश्न रसायनशास्त्राचा आहे आणि एक घरचा. दोन्ही एकाच डब्यातून निघाले.

परवा प्रतापकाका नगरतपेटेतल्या आमच्या कारखान्यात आले. तुला माहीत आहे, मी सुब्बारावांकडे चांदीच्या मालाला शेवटचा हात देतो: घासणं, चकाकी आणणं, काळं करणं. काकांच्या हातात देवघरातल्या टाकांचा डबा होता, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले आपले सगळे देव आणि पूर्वज. एचएसआर लेआउटच्या नव्या फ्लॅटमध्ये सूनबाई मनस्विनीने सागवानी देवघर करून घेतलं आहे, आत पिवळे दिवे. त्यात आपले घासून घासून पांढरे झालेले देव शोभत नाहीत म्हणे.

"ऑक्सिडाइज करून दे," काका म्हणाले. "अँटिक दिसले पाहिजेत. नवरात्राआधी हवेत, स्वल्प घाई कर."

मी बाबांचा टाक उचलला. आपल्या घरात नवरा-बायको एकाच टाकावर असतात. नवरा आधी गेला तर त्याची आकृती पत्र्याच्या एका अर्ध्यावर ठोकतात आणि शेजारची बाजू बायकोसाठी कोरी ठेवतात. ती गेली, तिचं वर्षश्राद्ध झालं, की तिची आकृती शेजारी येते. आजी-आजोबांचा टाक असाच पुरा झाला. बाबांना जाऊन चौदा वर्षं झाली, आईला दोन. कोरी बाजू अजून कोरीच आहे.

मी म्हटलं, "काका, टाक आलेच आहेत तर आईची आकृतीही..."

"तिने त्या वेणुगोपालशी लग्न केलं त्या दिवशी ती जागा सोडली. तिला कुठे बसवायचं ते त्याला विचार."

"वेणूअण्णांच्या घरात टाक नसतात, काका."

"मग नसू दे."

आत्या, मी काकांना न विचारता त्या बाजूवर आईची आकृती ठोकणार आहे. सगळे टाक काळे करायचेच आहेत, तर हाही करीन, इतका की बाबांच्या शेजारी कोणी उभं आहे हे त्या पिवळ्या दिव्यात कळणार नाही. ती आत बसेल. मला तेवढंच हवं आहे.

म्हणून विचारतो, ऑक्सिडाइज करणे म्हणजे नेमकं काय होतं? आमच्याकडे एका बाटलीतलं पाणी कोमट करून त्यात चांदी बुडवतात. ती आधी पिवळी, मग निळसर, मग काळी होते. सुब्बाराव म्हणतात, "ऑक्सिजन लागतो, अष्टे!" म्हणजे एवढंच. पण बाटलीला नासक्या अंड्यांचा वास येतो, आणि पीयूसीचं कॉलेज सोडण्याआधी मी इतकं शिकलो होतो की ऑक्सिजनला वास नसतो. तो थर टिकेल का? घासला तर निघेल का? वर्षभरात निघाला तर मी पकडला जाईन.

तुझा,
मल्हार


मिरज,
१३ ऑगस्ट २०२४

चि. मल्हार,

आशीर्वाद. शुद्धलेखनाला वेगळे आशीर्वाद. निवृत्त झाल्यापासून मला रसायनशास्त्राचं कोणी काही विचारत नाही. शेजारीण विचारते, पण तिला छोल्यांत सोडा किती घालायचा एवढंच हवं असतं.

तुझे सुब्बाराव चुकतात आणि त्यांच्याबरोबर सगळा सराफ बाजार चुकतो. त्या बाटलीत गंधकाचं संयुग आहे. चांदीवर चढतं ते सिल्व्हर सल्फाइड. ऑक्सिजनचा तिथे पत्ता नाही, तेव्हा ऑक्सिडाइज हे क्रियापद त्या कामाला लावणं खोटं. 'काळं करणे' म्हणा की सरळ! टिकण्याचं म्हणशील, तर उंचवट्यांवरचा थर हाताळून निघतो, खाचांतला वर्षानुवर्षं राहतो.

नवरात्राआधी लोक देव उजळून घेतात आणि आमचा प्रताप काळे करून घेतो! आमची आई असती तर तिने त्यालाच चिंच लावून घासला असता.

आता घरचा प्रश्न. सुखदावहिनी त्या बाजूवर आली पाहिजे, ह्यात मला शंका नाही. पण अशी? तू स्वतःच्या आईला तिच्या घरात चोरून आत सोडणार? मी ह्यात मदत करणार नाही. शिवाय तू पकडला जाशीलच, आणि थरामुळे नव्हे. खोटं बोलताना तुझे कान लाल होतात, तू चार वर्षांचा असल्यापासून मी बघते आहे.

जरा थांब. मी काहीतरी करते.

तुझी,
आत्या


बेंगळूरु,
२१ ऑगस्ट २०२४

ती. आत्या,

थांब म्हणालीस. मी थांबलो नाही. दोन वर्षं थांबूनच होतो.

आधी तांब्याच्या तुकड्यांवर हात बसवला. काल बाबांचा टाक राळेवर पालथा चिकटवला आणि कोऱ्या बाजूवर मागून ठोकायला घेतलं. भीती एकच, की हात घसरला तर बाबांच्या खांद्याला लागेल. मी दर ठोक्याला श्वास धरतो आणि सुब्बाराव लांबून ओरडतात, "उसिराडो मारया!" म्हणजे श्वास घे रे बाबा.

टाकावरच्या सगळ्या बायका सारख्याच दिसतात, तू बघितलंयस. पदर, नथ, जोडलेले हात. मी तशीच काढणार होतो. कागदावरचं चित्र वेणूअण्णांना दाखवलं. मला भीती होती त्यांना वाईट वाटेल. आई शेवटची सात वर्षं त्यांच्याबरोबर राहिली आणि मी तिला बाबांच्या शेजारी उभी करतो आहे. त्यांनी चित्र खिडकीपाशी नेऊन बघितलं.

"चष्मा कुठे?" ते कन्नडमध्ये म्हणाले. "चष्म्याशिवाय तिला बसचा नंबर दिसत नव्हता. देव काय दिसणार?"

मग मी विचारलंच. म्हटलं, तुम्हाला चालेल ना?

"मी तुझ्या आईशी लग्न केलं तेव्हा तुझ्या बाबांचा फोटो भिंतीवरून काढायला सांगितला होता का? ती त्यांचीही होती. चष्मा घाल."

तर चष्मा घालतो आहे. दोन बारीक गोल आहेत, त्यांना सर्वांत जास्त वेळ लागणार.

तुझं म्हणणं सुब्बारावांना सांगितलं. ते म्हणाले, "मिरजेच्या टीचरम्मांना सांग, आजवर गिऱ्हाईकाने ऑक्सिडाइज म्हटलं की मी हीच बाटली उघडली, एकानेही माल परत आणला नाही." आणि एक गंमत: आमच्या कन्नड पुस्तकात ऑक्सिडेशनला उत्कर्षण म्हणायचे. गंजण्याला आणि काळं पडण्याला इतकं चांगलं नाव का दिलं असेल?

तू 'काहीतरी करते' म्हणालीस. कृपा करून काही करू नकोस. काकांना ह्यातलं काही कळता कामा नये.

तुझा,
मल्हार


मिरज,
३० ऑगस्ट २०२४

चि. मल्हार,

दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि दोन्हींत माझी फजिती आहे. सोपी आधी.

मी तुला त्या क्रियापदाचा जुना अर्थ सांगितला, लहान वर्गांत सांगतात तो: ऑक्सिजनशी संयोग होणे. वरच्या वर्गांत मीच मुलींकडून दुसरा घोकून घेत असे. ऑक्सिडीकरण होणे म्हणजे इलेक्ट्रॉन गमावणे. घेणारा ऑक्सिजन असो, गंधक असो, क्लोरीन असो. चांदी आपले इलेक्ट्रॉन गंधकाला देते, म्हणजे तिचं ऑक्सिडीकरण झालंच. बाजाराचा शब्द बरोबर आहे. सुब्बारावांना माझा नमस्कार सांग आणि टीचरम्मा घाईत बोलल्या म्हणून सांग.

वापरताना मात्र एक ध्यानात ठेव. ही क्रिया एकट्याची कधीच नसते. एकाने गमावलं म्हणजे दुसऱ्याने घेतलं. घेणाऱ्याच्या बाजूला क्षपण म्हणतात आणि ते त्याच क्षणी होतं. 'चांदी काळी पडली' एवढंच आपण म्हणतो आणि घेणाऱ्याचं नाव वाक्यात येतच नाही. उत्कर्षण का म्हणतात ते मला माहीत नाही. कुठल्या कन्नड मास्तरांना विचारून मला कळव.

दुसरी गोष्ट. तुझं पत्र यायच्या आधीच मी प्रतापला लिहिलं होतं, की ती बाजू आता भरून घे. तुझ्या बेताबद्दल अक्षर लिहिलं नाही. त्याचं उत्तर आलं: "अक्का, तुमचा मान आहे, पण ह्यात पडू नका. त्या बाईचा विषय आमच्याकडे बंद आहे." नऊ वर्षं तो तिचं नाव घेत नाही. 'ती बाई.'

आता टाक हातात आला की तो आधी तीच बाजू बघेल. तुझा बेत माझ्यामुळे फसला. रागाव, मी ऐकून घेईन. पत्रातलं तर मला चांगलं ऐकू येतं.

आत्या


बेंगळूरु,
७ सप्टेंबर २०२४

ती. आत्या,

रागावलो. तीन दिवस तुला मनातल्या मनात पत्रं लिहिली. ती पाठवत नाही.

सहा टाक काळे करून झाले होते, काकांना हवे तसे. आईची आकृतीही पुरी झाली होती. सातवा टाक तारेत अडकवून बाटलीतल्या पाण्यावर धरला आणि हात खाली जाईना. आता लपवून उपयोग नाही, हे झालंच. पण तेवढंच नव्हतं. तू लिहिलंयस तसा घेणारा कोण, हे मी बघत होतो. त्या घराने आईचं नाव काढून घेतलं, जागा काढून घेतली. आणि आता मी तिला गंधकात बुडवून तिचा चेहराही काढून घ्यायला निघालो होतो, तोही तिच्या भल्यासाठी म्हणून.

मी टाक तारेतून सोडवला, रिठ्याच्या पाण्याने धुतला आणि मऊ कापडाने चकाकेपर्यंत पुसला. काल डबा एचएसआरला नेऊन दिला. काळे सहा खाली, हा वर.

दार मनस्विनीने उघडलं. तिने तिथेच झाकण काढलं. "अरे, हा एक ऑक्सिडाइज करायचा राहिला वाटतं? सेट मॅच होत नाहीये."

"राहिला नाही," मी म्हटलं. "हा असाच आहे."

कान लाल झाले असतील तर भीतीने. खोटं बोललो नव्हतो.

मल्हार


बेंगळूरु,
१६ सप्टेंबर २०२४

चि. मल्हार यास प्रतापरावांचा आशीर्वाद.

सोबत ड्रायव्हरकडून टाक परत पाठवत आहे. मिळाल्याची पोच द्यावी.

विचारलं नाहीस, सांगितलं नाहीस, आणि देवाच्या चांदीवर हातोडी चालवलीस. ह्याला आमच्याकडे आगाऊपणा म्हणतात. ती बाजू सपाट करून घेणार होतो. नगरतपेटेत तू एकटाच कारागीर नाहीस. पण त्याच पत्र्यावर सूर्यकांतअण्णा आहे. त्याच्यावर हातोडी उगारायला मी धजत नाही.

तेव्हा मधला मार्ग सांगतो. टाक ऑक्सिडाइज करून दे. इतरांपेक्षा जास्त काळा, दोन्ही बाजू. नवरात्रात चार माणसं घरी येतात, देवघर बघतात, विचारतात. काही दिसता कामा नये. मग ती बाई आत बसली तरी मी बघितलं नाही असं समजेन, तूही कुठे बोलायचं नाही. ह्यापेक्षा जास्त कोणी दिलं नसतं. सरी ना, पटलं?

घटस्थापना तीन तारखेला आहे. त्याआधी पोचव.

प्रतापराव


बेंगळूरु,
२१ सप्टेंबर २०२४

ती. प्रतापकाका,

नमस्कार. टाक मिळाला, ही पोच.

तुम्ही जे देऊ केलंत तेच मी ऑगस्टमध्ये तुमच्या नकळत करणार होतो. आईला आत बसवून वर काळं फासायचं आणि गप्प राहायचं. तेव्हा तुम्ही हे म्हणाला असतात तर मी तुमच्या पाया पडलो असतो. आता नको.

काका, ऑक्सिडाइज करणे हे क्रियापद मी रोज वापरतो. गिऱ्हाईक पैंजण घेऊन येतं, समई घेऊन येतं आणि म्हणतं, ऑक्सिडाइज करा. त्याला नक्षी उठून दिसायला हवी असते. आम्ही सगळं काळं करतो आणि मग उंचवटे घासून पांढरे करतो. खाचांत काळं राहतं म्हणून पान न् पान दिसतं. हे काम दिसण्यासाठी आहे. नक्षी दिसू नये म्हणून ऑक्सिडाइज करा, असं कोणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. तुम्ही सांगता ते काम मी करणार नाही. करणार होतो ती माझी चूक होती.

तुम्ही तिला 'ती बाई' म्हणता. तिचं नाव सुखदा. बाबा गेल्यावर पाच वर्षं तुमच्या दुकानातल्या साड्यांना तिने फॉल लावले. तेव्हा तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, "आमच्या वहिनींचा हात बघा." मी काउंटरखाली बसून अभ्यास करायचो, मला ऐकू यायचं. लग्न केलं म्हणून तिचा हात बदलला नाही आणि बाबांशी असलेलं नातंही कोणी पुसलं नाही. वेणूअण्णांनी तर नाहीच नाही.

घटस्थापनेला सकाळी मी दोघांना घेऊन येईन. उजळलेले, जसे तुम्ही परत पाठवलेत तसे. दार उघडलंत तर आत येईन. नाही उघडलंत तर दोघेही माझ्याबरोबर परत जातील आणि आमच्या खोलीतल्या फळीवर बसतील. तुमच्या देवघरात थोरल्या भावाची जागा रिकामी दिसेल. चार माणसं विचारतील तेव्हा काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. बाबा एकटे येणार नाहीत.

हे पत्र पुन्हा लिहून काढलेलं नाही. चूक असली तर असू दे.

मल्हार


बेंगळूरु,
४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्या,

काल गेलो. वेणूअण्णा खाली स्कूटरपाशी थांबले. म्हणाले, मी वर आलो तर भांडण माझ्यावर जाईल, तुझ्या आईचं राहूनच जाईल.

दार काकांनीच उघडलं. सोवळं नेसलेले, हातात पळी.

"काळा केलास?"

"नाही."

आत काकू बघत होत्या, मनस्विनी बघत होती. काका दारातून हलले नाहीत आणि मीही हललो नाही. टाक रुमालात होता. मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. लिफ्ट दोनदा येऊन गेली. मग ते म्हणाले, "पाय धुऊन ये."

देवघरात विड्याच्या पानांवर सहा काळे टाक ओळीने मांडलेले होते आणि सातवं पान रिकामं होतं. म्हणजे पान त्यांनी मांडून ठेवलं होतं, आत्या. मी टाक ठेवला. त्या पिवळ्या दिव्यात तोच एक चमकत होता.

मनस्विनी वाकून म्हणाली, "अय्या, ह्या चष्म्यातल्या कोण?"

मी म्हटलं, "माझी आई. सुखदा. ह्या घरची थोरली सून."

काकांनी बाबांना गंध लावलं. मग कुंकवाचा करंडा उचलला आणि बोट त्यातच ठेवून माझ्याकडे बघितलं. "सांग आता. हिला कुंकू कुणाच्या नावाचं लावू? अण्णाच्या, की तो खाली स्कूटरपाशी उभा आहे त्याच्या?"

हा प्रश्न ते नऊ वर्षं विचारत होते बहुतेक. मला वाटलं होतं, असं काही विचारलं तर मी रडेन. रडलो नाही.

"तिच्या स्वतःच्या," मी म्हटलं, त्यांच्या हातातून करंडा घेतला आणि कुंकू मी लावलं.

काका उठून गॅलरीत गेले. काकूंनी मला मागे व्हायला सांगितलं आणि घट मांडून घेतला, जणू काही झालंच नाही. आरतीला काका परत आले. घंटा त्यांनीच वाजवली, इतकी जोरात की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. राग होता की काय, मला सांगता येणार नाही.

दुपारी त्यांच्या दुकानाशेजारचे एक म्हातारे व्यापारी दर्शनाला आले. मी अजून तिथेच होतो, काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, वेणूअण्णांना मी फोन करून पुढे जायला सांगितलं होतं. त्या म्हाताऱ्यांनी चकाकणाऱ्या टाकाकडे बोट दाखवून विचारलं, "हे सूर्यकांत ना? आणि शेजारी?"

काका पानाला चुना लावत होते. वर न बघता म्हणाले, "वहिनी."

एवढंच. नाव घेतलं नाही. मला तेवढं पुरेसं नाही, आणि मी ते त्यांना सांगणार आहे.

आता घट बसले आहेत. पानांवर ठेवलेले देव दसऱ्यापर्यंत कोणी हलवत नाही, तेव्हा तोवर तिला कोणी हात लावू शकत नाही. त्यानंतर काका काय करतील मला माहीत नाही. त्यांनी ती बाजू सपाट केली, तर मी पुन्हा ठोकीन.

तुझा,
मल्हार